सुलतानला विचारून सांगतो

अल्सेशियन कुत्रा लहान मुलांच्या घरात चालतो की नाही, या विषयावर त्या काळच्या जळगावात एकच अधिकारी माणूस होता आणि तो आमचा घरमालक होता. अधिकारी म्हणजे खराखुरा अधिकारी. दारूबंदी खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेला. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. या विषयावर आबांची दोन मतं होती. दोन्ही ठाम होती आणि एकमेकांच्या बरोब्बर उलट होती. त्यातलं कुठलं मत कधी बाहेर काढायचं, हे समोरच्या माणसाला मुलं किती आणि ती आबांच्या आवारात शिरण्याचा धोका कितपत, यावर ठरायचं.

मला त्यांनी ऐकवलं ते पहिलं मत. साठ-सत्तरच्या मधली वर्षं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, नुकतं लग्न झालं होतं आणि जळगावला बदली झाली होती. आबांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं, म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. फाटकावर पाटी होती, ‘कुत्र्यापासून सावध’. खाली वेगळ्या रंगात, वेगळ्या हाताने लिहिलेली आणखी एक ओळ होती, ‘विशेषतः लहान मुलांनी’. पाटीमागून असा काही दणदणीत आवाज आला की माझ्या बायकोने माझा दंड पकडला. लग्नानंतर चारचौघांत तिने मला धरण्याची ती पहिली वेळ, आणि त्याबद्दल मी त्या कुत्र्याचा आजही ऋणी आहे.

आबांनी खोल्या दाखवल्याच नाहीत. आम्हाला ओट्यावर बसवून जबाब घ्यायला सुरुवात केली. मुलं किती? नाहीत. होणार आहेत का? बायको पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, लगेच काही नाही. मग आबा खुर्चीत मागे रेलले आणि अल्सेशियनवर बोलू लागले. ही जात मुळात विलायतेतल्या धनगरांची, मेंढरं वळायची. लहान मूल पळालं की याला वाटतं कोकरू कळप सोडून चाललं. मग हा आडवा जातो. मूल ओरडलं की हा खाली दाबतो. यात त्याचा काही दोष नाही, ते त्याच्या रक्तातच आहे. तेव्हा ज्या घरात अल्सेशियन त्या घरात मूल नको, आणि ज्या घरात मूल त्या घरात अल्सेशियन नको. शेवटी त्यांनी अट सांगितली, “पाळणा हलला की बिऱ्हाड हलवायचं. आत्ताच सांगून ठेवतो, मागाहून रडारड नको.”

खोल्या हवेशीर होत्या, नळाला पाणी होतं. पाळणा तर अजून कुठे झाडावरच होता. आम्ही हो म्हटलं.

दुसरं मत ऐकायला मला थोडे दिवस थांबावं लागलं. एकदा त्यांच्या खात्यातले एक जुने स्नेही आले. त्यांची मुलं मोठी होऊन पुण्या-मुंबईला लागलेली, म्हणजे धोका शून्य. त्यांना आबा सांगत होते की अल्सेशियनसारखा मुलांचा सांभाळ सख्खी आई करणार नाही. पाळण्यापाशी बसवा आणि खुशाल बाजारात जा. मी पलीकडे कपडे वाळत घालत होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाचं हे बळ मला पुढे कधी साधलं नाही.

आता प्रत्यक्ष कुत्र्याविषयी. त्याचं नाव सुलतान. धुळ्याहून बदलून गेलेल्या कुठल्याशा साहेबाने पिल्लू असताना दिलेला. साहेबाने शुद्ध अल्सेशियन म्हणून दिला आणि आबांनी तसाच मानला. त्याचा डावा कान अल्सेशियनला शोभेल असा ताठ उभा असायचा. उजवा मात्र जन्मभर पडलेला. त्याबद्दल कुणी विचारलं तर आबा सांगायचे की एक कान ड्यूटीवर असतो, दुसरा रजेवर. जळगावच्या उन्हात सुलतान दिवसभर रांजणाखालच्या ओल्या गोणपाटावर पडून असायचा. मांजर आलं की उठून त्याला जागा द्यायचा. दिवाळीत तो कुठे जायचा ते फटाके संपेपर्यंत कुणालाच सापडायचं नाही. पण भुंकणं मात्र खानदानी होतं. बंद फाटकाआडून ते ऐकलं की बाहेरच्याला आत वाघ बांधलाय असं वाटायचं. आबांची सगळी अब्रू त्या आवाजावर उभी होती, म्हणून फाटक उघडं ठेवायला सक्त मनाई होती.

विलायती जात असल्यामुळे आबा त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोलायचे. ‘सिट’ म्हटलं की सुलतान उभा राहायचा आणि ‘कम’ म्हटलं की बसायचा. आबांच्या मते तो विचार करत असे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आक्का, धुळ्याकडच्या खेड्यातल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं “ये रे भो, भाकर खाय” म्हणायच्या आणि साहेब धावत जायचे. एकदा मी कौतुक केलं तर त्या म्हणाल्या, “त्याले इंग्रजी नही समजत, त्याले भाकर समजस.”

आबांना मुलांचं एवढं वावडं का होतं, हे मला कधी नीट कळलं नाही. आवारात एक पेरूचं झाड होतं आणि एक कडुनिंब होता. शेजारी कापडवाल्या शेठजींचं भरलं घर. त्यांच्या आणि गल्लीतल्या पोरांचा खेळ सगळा भिंतीपलीकडे चालायचा आणि चेंडू अलीकडे यायचा. आलेला चेंडू परत गेला असं कधी झालं नाही. आबा तो जप्त करायचे. त्यासाठी वेताची एक करंडी होती, तिला ते मुद्देमाल म्हणायचे. रबरी चेंडू, चिंध्यांचे चेंडू, एक खराखुरा लाल क्रिकेटचा चेंडू, असे कैक वर्षांचे चेंडू तिच्यात होते. हातभट्टीवाल्यांचे डबे पकडायची सवय अशी वाया जात नव्हती. चेंडू मागायला कुणी फाटकाशी आलंच तर आबा सुलतानला खाकरून इशारा द्यायचे, सुलतान भुंकायचा आणि गल्लीत सामसूम व्हायची. जोडीला आबा गल्लीभर एकेक गोष्ट सोडून द्यायचे. या कुत्र्याने धुळ्यात एका पोराची चड्डी फाडली. मग ती मांडी झाली. माझ्या देखत त्या मांडीला टाके पडले.

त्यांना मूल एकच, मुलगी, धुळ्याला दिलेली. व्याही वकील, नाना वकील म्हणून प्रसिद्ध. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी व्हायला हवं होतं. पण नानांनी निरोप पाठवला की धुळ्यातली डॉक्टरीण फार हुशार आहे, उगाच प्रवासाची दगदग नको. आबांना ते पटलं. पुढच्या आखाजीला नात लहान होती आणि ऊन फार होतं, तेही पटलं. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. अक्षय तृतीयेला लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन आळसावते. त्या दिवशी ज्या घरातला झोका रिकामा, त्या घराकडे बायका जाता-येता बघतात. आक्कांच्या कडुनिंबाला दोन वर्षं कुणी झोका पाहिला नव्हता.

तिसऱ्या साली आक्कांनी आखाजीच्या आधीच दोर काढून ओट्यावर ठेवला. नात आता चालायला लागली होती, सबब उरली नव्हती. लेकीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. इथे भाऊच नव्हता. आक्का आमच्या दारात आल्या आणि मला म्हणाल्या, “भाऊ, तू माले आंडोरसारखा शे. जाय, मनी आंडेरले लई ये.” आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. मला बहीण नाही. मी एका दिवसाची रजा टाकली आणि एरंडोल, पारोळा करत भर उन्हात एसटीने धुळ्याला पोचलो.

नाना वकिलांनी माझं उत्तम आगतस्वागत केलं. गार पाणी दिलं, पन्हं दिलं आणि मग विचारलं, “कुत्रं आहे ना अजून?”

मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, चावतं का? मी म्हटलं, अजून कुणाला चावलेलं पाहिलं नाही. नाना हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून पन्ह्याचा पेला मी खाली ठेवला. त्यांचा एक पुतण्या बदलीवर जळगावला आला होता. मुलंबाळं घेऊन खोल्या शोधत हिंडताना तो चुकून आबांच्याच ओट्यावर जाऊन बसला. आबांनी सोयरा म्हणून त्याला ओळखलं नाही आणि त्याला वाटलं, आधी खोल्या पाहू, मग ओळख सांगू. ओळख सांगायची वेळच आली नाही. आबांनी त्याला कोकरू, कळप, आडवं जाणं, दाबणं, शिवाय फाटलेली चड्डी, असं सगळं साग्रसंगीत ऐकवलं. त्याने धुळ्याला येऊन ते जसंच्या तसं नानांना सांगितलं. सून तेव्हा पोटुशी होती.

“दुसऱ्या कुणाची साक्ष असती तर मी उलटतपासणी घेतली असती,” नाना म्हणाले. “इथे खुद्द मालकाचा जबाब आहे. कुत्रा त्या घरात असेतो नात तिकडे जाणार नाही.”

यात वकिलांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. तेच वाईट होतं.

निघताना आबांची मुलगी नातीला कडेवर घेऊन दारापर्यंत आली. तिला सगळं माहीत होतं, पहिल्यापासून. ती हळूच म्हणाली, “आबांना कुत्र्याचं सांगू नका भाऊ. ऊन फार आहे म्हणा. त्यांना ते पटतं.”

मी खरंच तसंच सांगणार होतो. पण एसटीतून उतरून मी एकटाच फाटकातून आत आलो तेव्हा आक्का दोरापाशी उभ्या होत्या आणि त्यांनी मला काय झालं ते विचारलं. त्या बाईच्या तोंडावर उन्हाची सबब सांगायला माझी जीभ वळली नाही. मी सगळं सांगितलं. आबा खुर्चीत बसून ऐकत होते. आधी त्यांनी त्या पुतण्याला नावं ठेवली. मग वकिलांना, मग एकूण धुळे शहराला. धुळ्याचं पाणीच वाईट, असंही म्हणाले. आक्कांनी त्यांना सगळं बोलू दिलं आणि मग एवढंच म्हटलं, “बाळंतपनले नही उनी. आते आखाजीलेबी नही. तुम्हले कुत्रा पाहिजे का आंडेर, ते तुम्हीच ठरावा.” एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि नंतर आबांशी बोलणं बंद.

मला आबांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या संध्याकाळी ते सुलतानला साखळी लावून फाटकापर्यंत गेले. पाचोऱ्याकडे कुणा ओळखीच्याची केळीची बाग होती, तिथे त्याला सोडायचा विचार असावा. फाटकाशी ते बराच वेळ उभे राहिले. सुलतानला वाटलं फिरायला निघालो, तो शेपूट हलवत होता. मग आबा परत फिरले, साखळी काढली आणि खुर्चीत येऊन बसले. निवृत्तीनंतर त्या माणसाच्या हुकमात एवढंच एक चतुष्पाद उरलं होतं, आणि तेही हुकूम ऐकत नव्हतं.

आमच्या घरातही तेव्हा एक भानगड होती. बायको शेठजींच्या घरून कैऱ्या मागवून खायची आणि मला म्हणायची, बिऱ्हाड कुठे हलवायचं ते बघून ठेवा. आबांपासून आम्ही ती बातमी लपवली होती. त्या घरात मूल चालतं की नाही, हा प्रश्न आता आमचाही झाला होता.

दुसऱ्या दिवशी आबांनी खात्यातला तोडगा काढला. नाना वकिलांना निरोप धाडला की समक्ष या आणि स्थळपाहणी करा. कोर्टाच्या कामाने नाना जळगावला येणारच होते, ते आले. आबांचा बेत सोपा होता. आता दुसरं मत सिद्ध करायचं. गल्लीतली मुलं आवारात आणायची, सुलतानने त्यांच्यात प्रेमाने हिंडायचं आणि वकिलांनी ते बघून सुनेला धाडायचं. अडचण एवढीच की मुलं येईनात. आबा रेवड्यांचा पुडा घेऊन फाटकात उभे राहिले. कालपर्यंत ज्यांची मांडी फाडायला कुत्रा टपला होता ती पोरं आज रेवडीसाठी आत येतील, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. शेठाणीबाईंनी तर आपली मुलं घरात घेऊन कडीच लावली. वर्षानुवर्षं आबांनी जे पेरलं होतं त्याचं उत्तम पीक आलं होतं, आणि व्याही खुर्चीत बसून ते बघत होते.

मग आबा आत गेले आणि मुद्देमालाची करंडी घेऊन आले. ती त्यांनी कडुनिंबाखाली उपडी केली. चेंडू चारी बाजूंना घरंगळले. आबा कुणाकडे न बघता म्हणाले, “ज्याचा त्याने ओळखून न्यावा.”

आधी एक डोकं भिंतीवर आलं. मग दुसरं. लाल चेंडूचा मालक तर आता मिसरूड फुटलेला कॉलेजकुमार झाला होता, तोही आला. बघता बघता आवार पोरांनी भरलं. आणि सुलतान? सुलतान कुठेच दिसेना. शेवटी शेपूट दिसली, ओट्यावरच्या खाटेखाली. त्याने जन्मात एवढी मुलं पाहिली नव्हती. तो थरथरत होता. शेठजींच्या धाकट्याने ती शेपूट ओढून पाहिली. आतून बारीक कण्हण्याचा आवाज आला. खानदानी आवाजाचं ते रूप ऐकून पोरं खो खो हसायला लागली.

नाना वकील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “व्याहीबुवा, हे तर जास्तच वाईट. रागीट कुत्रा परवडला. भेदरलेलं जनावर कधी चावेल सांगता येत नाही.”

आणि खरं सांगायचं तर तेही बरोबरच होतं. आबांचं पहिलं मत वकिलांनी उचललं होतं, दुसरं खाटेखाली थरथरत होतं. तिसरं त्यांच्याकडे नव्हतं. सगळी गल्ली बघत होती. आक्का दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता आबा पोरांना हाकलतील, वकिलांना चहा पाजतील आणि उन्हाची सबब पुन्हा एकदा पटवून घेतील.

आबा खाटेवर बसले. खाली सुलतान, वर आबा. ते म्हणाले, “वकीलसाहेब, जबाब बदलतो. हा कुत्रा आजवर कुणाला चावला नाही. चड्डी नाही, मांडी नाही, काही नाही. याला मुलांचं वावडं नाही, वावडं मला होतं. मुलं काय असतात हे मी याला बघूच दिलं नाही, म्हणून भितो. लिहून पाहिजे तर लिहून देतो.”

एवढ्या वर्षांत कमावलेला दरारा त्या माणसाने एका जबाबात, पोरासोरांच्या देखत मोडीत काढला. ज्याची मी रोज मनात टिंगल करत होतो त्याच्यापुढे त्या वेळी मला फार लहान वाटलं.

आक्का ओट्यावर आल्या, खाली बसल्या आणि खाटेखाली हात घालून म्हणाल्या, “ये रे भो, भाकर खाय.” सुलतान सरपटत बाहेर आला. त्यांनी भाकरीचा तुकडा शेठजींच्या धाकट्याच्या हातात दिला, तो हात आपल्या हातात धरला आणि सुलतानपुढे नेला. सुलतानने आधी आक्कांकडे पाहिलं, मग तुकडा अलगद ओठांनी उचलला. आक्का व्याह्यांकडे वळून म्हणाल्या, “मी त्याले बांधी ठेवसू. नातले एकली सोडाव नही. पन मनी आंडेर धाडा.”

नाना वकील थोडा वेळ सुलतानच्या पडक्या कानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, बांधून ठेवायचा आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय मुलीला त्याच्यापाशी न्यायचं नाही. या अटीवर ठीक. माझ्या समजुतीप्रमाणे अल्सेशियन आणि लहान मुलं या विषयावर त्या आवारात शहाणपणाचं बोलणं झालं ते एवढंच.

आखाजीला मुलगी आली. कडुनिंबाला झोका लागला आणि गल्लीतल्या साऱ्या पोरी फाटक सताड उघडं टाकून आत आल्या. पेरूच्या झाडावर त्यानंतर पेरू पिकलेला कुणी पाहिला नाही, हिरवे असतानाच संपायचे. आबा खुर्चीत बसून सगळ्यांवर ओरडत असत आणि त्यांचं कुणी ऐकत नसे. सुलतान साखळीला बांधलेला असायचा. आठवडाभरात नात त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून आपली पोळी त्याला भरवू लागली, आक्का शेजारी बसलेल्या असत. ती त्याला आबा म्हणायची आणि आबांना सुलतान. आबांनी तक्रार केली नाही. पाटीवरच्या खालच्या ओळीवर त्यांनी रंग फासला, पण रंग हलका निघाला. पावसाळ्यात ‘विशेषतः लहान मुलांनी’ पुन्हा वर आलं आणि तसंच राहिलं. पोरं ते आमंत्रण समजून आत येत.

मुलगी धुळ्याला परत गेली. झोका उतरला, दोर गुंडाळून आत गेला. आणि मग माझी पाळी आली. बायकोकडे बघून आता आंधळ्यालाही कळलं असतं, आणि आबा अबकारीतले. एका सकाळी मी ओट्यावर गेलो आणि आमच्या घरी पाळणा हलणार असल्याचं सांगून टाकलं. अट मला पाठ आहे, असंही म्हटलं. पावसाळा संपेतो मुदत मिळाली तर बरं होईल.

आबांनी वर्तमानपत्र खाली केलं. माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर तीच जुनी, खोल्या बघायला आलेल्या भाडेकरूकडे बघायची नजर.

“हा प्रश्न माझ्या अखत्यारीतला नाही,” ते म्हणाले. “सुलतानला विचारून सांगतो.”

आणि पुन्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मी परत खोलीत आलो आणि बायकोला म्हटलं, सामान बांधायला घे.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंबऱ्याशी वेताची करंडी ठेवलेली होती. मुद्देमालाची. धुऊन पुसून लख्ख केलेली. आत मऊ धुवट लुगड्याची घडी अंथरलेली, तान्हं बाळ निजेल एवढी. मी ओट्याकडे पाहिलं. आबा पाठ करून सुलतानला ‘सिट’ शिकवत होते. सुलतान उभा होता.

मी काही विचारण्याआधीच, मागे न बघता, आबा म्हणाले, “तो म्हणतो, चालेल.”